श्रेयनामावलीत शेवटून दुसरा

पायपेटी न्यायला ते टेम्पो घेऊन आले तेव्हा
मी आधी विचारलं, परत कधी?
खंडू म्हणाला, काका, तुम्हीपण बसा ना.
असा मी बहात्तराव्या वर्षी
शनिवार पेठेतून मेटल वाजवायला भोसरीला गेलो.

खंडू सपकाळ प्रेस शॉपला. आठवडाभर
पत्र्यातून वॉशर पाडतो, मिनिटाला चाळीस,
आणि गुरुवारी, सगळी एमआयडीसी बंद असताना,
त्याच शेडमध्ये दोन्ही पायांनी ड्रम बडवतो.
सुट्टीतसुद्धा ओव्हरटाइम.
ऑस्टिनची गिटार म्हणजे डब्यात कोंडलेली गांधीलमाशी.
कॉर्ड तीनच येतात. चौथी शिकवू का म्हटलं
तर म्हणाला, या तिघींचंच अजून पटत नाही.

तृषाली साडेसहानंतर येते, ऑफिस सुटल्यावर.
जन्म-मृत्यू नोंदणी, खिडकी क्रमांक चार.
गाणी तिथूनच आणते.
एक मेलेला माणूस रांगेत उभा राहून
स्वतःच्या दाखल्यावरचं आडनाव दुरुस्त करून मागतो,
गोष्ट एवढीच.
पण ती आधी गुणगुणते, मग लाडात येते,
मग अशी किंचाळते की पत्र्यावरची कबुतरं
थेट लांडेवाडीत जाऊन बसतात.

तोंडाला सफेदा फासत होती.
मी म्हटलं, आमच्या वेळी मुर्दाडशिंग लावायचे,
रात्रभर टिकायचं आणि कातडी खायचं.
ती म्हणाली, काय नाव आहे!
पुढच्या गुरुवारी त्या नावाचं गाणं तयार,
दीड मिनिटाचं, त्यात एक मिनिट शिव्या.

माझं काम सोपं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.
ते याला वॉल्ट्झ म्हणतात.
मला तो दादराच वाटतो,
उशिरा घरी निघालेला, एका पायात चप्पल नसलेला.
तिसरी मात्रा मी सवयीनं जरा ओढली.
नायिका विंगेत पदर सावरत राहिली की
असंच थोपवून धरायचो आम्ही नाटक.
खंडू थांबला. मला वाटलं, चुकलं.
काका, तेच, तो म्हणाला. परत तेच.

एकतीस वर्षं वाजवलं मी पडद्याच्या कडेला.
हँडबिलावर नुसतं ‘साथ’ असायचं,
त्याखाली सोडा वॉटरची जाहिरात.

रेकॉर्डिंगच्या रात्री काळी पाचचा सूर अडकला.
बोट उचललं तरी वाजतच राहिला.
जनरेटर भाड्याचा, मीटर चालू,
पाय थांबवले असते तर सूर थांबला असता,
पण बाकीचंही थांबलं असतं.
मी पाय मारत राहिलो.
ऑस्टिनची गांधीलमाशी त्या सुराभोवती फिरू लागली,
खंडूनं वेग निम्मा केला,
आणि तृषालीनं मेलेल्या माणसाला
दुरुस्ती मिळवून द्यायचं रद्द केलं.
खिडकी लागली. तो तसाच उभा.
चार मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांचं झालं.

मिक्सिंगवाला पोरगा म्हणाला,
पेडलची कुरकुर ऐकू येतेय, काढून टाकतो.
ती म्हणाली, हात लावायचा नाही.
त्या कुरकुरीवर मी गायलेय.

अल्बम आला. ‘गुरुवार बंद’. तीनशे प्रती.
मुखपृष्ठावर शेडचं शटर, त्याला खालून
पांढरा फासलेला एक हात बाहेर आलेला.
मागे बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं,
शेवटी जनरेटरवाले, त्यांच्या वर मी:
पायपेटी – अच्युत केळकर.

मी केळशीकर.
खंडूनं कान धरले. ऑस्टिन घरोघरी जाऊन
पेननं ‘शी’ घालून येतो म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.
तृषाली आहेच खिडकीवर. रांगेत उभा राहीन सावकाश.

पेटी अजून भोसरीतच आहे.
इथे फरशीवर तिच्या पायांचे चार डाग.
झाडताना मी अजून त्यांना वळसा घालतो,
आणि चहा उकळेपर्यंत ओट्याशी
उजवा पाय आपला आपण
खाली-वर, खाली-वर.