कोपऱ्यातला अंगठा

व्हिडिओ त्रेचाळीस सेकंदांचा आहे.
पहिले सहा नुसता काळोख
आणि चिखलातून उपसलेल्या पायांचा आवाज.
मग सारसोळ्याच्या जेट्टीपलीकडे, तिवरांमागे,
एक डंपर पाठ उचलतो
आणि कुणाच्या तरी जुन्या फ्लॅटच्या भिंती
खाडीत ओततो. निळ्या टाइल्स दिसतात,
एक अख्खं बेसिनसुद्धा.
आईचा श्वास ऐकू येतो, आणि एकच वाक्य:
"बगा र, कसा टाकतान भराव आपले खारीन."

उजव्या कोपऱ्यात, डंपरच्या लाल दिव्यात,
तिवराची फांदी बाजूला धरलेला
तिचा अंगठा आलाय.

फोन आडवा धर, असं मीच शिकवलं होतं.
ती म्हणाली, कंबरेला चिंबोऱ्यांची पाटी,
एका हातात फांदी, एका हातात तुझा फोन,
आडवं धरायला तिसरा हात कुठून आणू?

पहाटे तीन दहाला मी तो वर चढवला.
नाव नाही. फक्त जागा आणि तारीख.
सकाळी महापेच्या बसमध्ये
शेजारच्या माणसाच्या हातात
माझी आई श्वास घेत होती.

दुपारपर्यंत त्या श्वासावर कुणी ढोल चढवला.
एका वाहिनीनं वाक्य कापलं, खाली लिहिलं, संतप्त नागरिक.
दुसरीनं तिवरांवर आपलं बोधचिन्ह चिकटवलं.
एका गृहस्थांनी सिद्ध केलं
की हे इथलं नाहीच, परराज्यातलं, तेही जुनं.
तीन लाख लोकांनी पाहिलं.
रात्री डंपर पुन्हा आला.

आमच्या घरात अंगठ्याचं जुनं प्रकरण आहे.
आजोबांनी तो दिला होता, शाईत बुडवून,
संपादनाच्या कागदावर.
त्या कागदावर आता सेक्टर आहे,
सेक्टरात बाग आहे, बागेला तिकीट आहे.
ज्यांनी घेतला, त्यांनी पुढे एकोणीस वर्षं
मोबदल्याच्या खिडकीतून
आजोबांना अंगठाच दाखवला.

आईच्या अंगठ्याला नख नाही.
लहानपणी चिंबोरीनं नेलं, तिथं नुसती खाच.
गावात कुणालाही विचारा.

गुरुवारी बाजारात एकजण आला.
पांढरे बूट, ओल्या फरशीवर जपून टाकलेले.
निवट्यांचा वाटा उचलला, भाव केला नाही.
सुटे घेताना हाताकडे बघत राहिला.
"मावशी, नखाला काय झालं?"
शेजारच्या रंजू मढवीची कोयती थांबली,
बोय अर्धा कापलेला.
आई म्हणाली,
"चिंबोरीनं खाल्लं. तवापासून
मी पन सोरत नाय कोनाला."
तो हसला. सुटे मोजले. निवट्या तिथंच विसरला.

रात्री मी म्हटलं, काढून टाकतो तो व्हिडिओ.
खरं तर मीच घाबरलो होतो.
फाटकाची कडी दोनदा बघून आलो होतो.
तिनं भाकरी मोडली.
डंपरचा नंबर दिसतो का त्यात?
नाही, काळोख आहे.
"मंग तो कामाचा नाय," म्हणाली,
जणू पाटीत एखादी पोकळ चिंबोरी निघावी
आणि ती बाजूला टाकावी.

दुसरा व्हिडिओ दोन मिनिटांचा आहे. आडवा.
फांदी रंजूनं धरली होती.
नंबर वाचता येतो, ड्रायव्हरचा चेहराही,
बिचारा वीस-बावीसचा असेल,
जांभई देतोय.
आणि शेवटी, काही कारण नसताना,
आई आपला अंगठा भिंगासमोर आणते
आणि धरून ठेवते. खाच नीट दिसेपर्यंत.

मी विचारलं, हे शेवटचं कापू का?
"सही कोन कापतं?" ती म्हणाली,
आणि मग, हात धूत,
चार्जरची वायर कुठं ठेवलीस, ते सांग.
आज सुकती अडीचला आहे.