दक्षिणेस नदी

राजपत्रात आमच्या मतदारसंघाला चार बाजू होत्या.
उत्तरेस नाला, पूर्वेस रेल्वेचे रूळ,
पश्चिमेस जकात नाका, जो केव्हाच बंद पडला होता,
आणि दक्षिणेस नदी.
नदी म्हणजे कृष्णाच, पण कागदावर तिला नाव नव्हतं.

मी शाळा क्रमांक सातची बाई.
मतदार याद्यांचं काम सतरा वर्षं माझ्या गळ्यात.
सांगलीच्या हळद पेठेत दारं वाजवायची,
विचारायचं, घरात माणसं किती,
अठराची झालेली किती, गेलेली किती.
पोत्यांच्या धुळीनं याद्यांच्या कडा पिवळ्या व्हायच्या.
तहसीलच्या कारकुनाला वाटे, बाईंनी जुन्याच आणल्या.

शेऱ्याच्या रकान्यात तीनच शब्द चालत:
मयत. स्थलांतरित. दुबार.
माणसाचं चौथं काही होऊ शकतं
याची सोय शासनानं केलेली नव्हती.

पुराच्या वर्षी दक्षिण हद्द
रात्री अडीचला पायऱ्या चढून वर आली.
दुसरी ब-च्या वर्गात निम्म्या फळ्यापर्यंत हद्द,
हद्दीवर तरंगणारा एक डबा, एक चप्पल,
आणि बाहेरच्या भिंतीवरची कपबशी
बशीपुरती बुडालेली.

ती कपबशी लिंगाप्पा हुक्कीऱ्यांची.
खिळेमोळ्यांचं दुकान. अपक्ष. पाच वेळा उभे,
पाचही वेळा अनामत जप्त.
जास्तीत जास्त मतं चारशे बारा,
"त्यातली दोनशे उधारीवाल्यांची," ते स्वतःच सांगत.
प्रचाराला एक सायकल, एक कर्णा,
आणि शेजारचा दस्तगीर बागवान,
जो मत दुसऱ्यालाच द्यायचा
आणि तसं तोंडावर सांगायचा.

मग नवा नकाशा आला.
कुणीतरी पट्टी ठेवून ओढलेली रेघ
मंडईतून, बोळातून,
हुक्कीऱ्यांच्या गल्ल्याला घासून गेलेली.
अर्धे लोक या शेजाऱ्याकडे, अर्धे त्या.
आमचं नाव कुठंच नव्हतं.
झेरॉक्स पुसट आहे म्हणून मी दोनदा पाहिलं.

हुक्कीरे मधल्या सुट्टीत शाळेत आले.
टोपी काढून दुसरीच्या बाकावर बसले,
गुडघे छातीशी.
म्हणाले, "बाई, आता मी पडायचं कुठं?"

मी हसले. ते हसले नाहीत.
"निवडून येणाऱ्याचं काय, त्यो कुठंबी येतोय.
पडायला आपली जागा लागती.
पाडणारी माणसं वळखीची लागत्यात."

नव्या यादीत काकू रुळांपलीकडं गेल्या,
हे अलीकडंच राहिले.
चाळीस वर्षांच्या संसारानंतर
नवरा-बायको वेगळे निघाले ते असे.
मी दुरुस्तीचा अर्ज भरून दिला.
त्याची पोच माझ्याकडे आहे. बाकी काही नाही.

निवृत्त होताना जुन्या याद्या जमा करायला गेले.
कारकून म्हणाला, हा मतदारसंघच नाही,
कुठल्या खात्यात घेऊ?
तिथेच टेबलाशी उभी राहून पेन काढलं.
मयत म्हणावं, तर दुकानं उघडी.
स्थलांतरित म्हणावं, तर कुणी जागचं हललेलं नाही.
दुबार तर तो कधीच नव्हता.
टोपण लावलं. याद्या घरी आणल्या.

शाळेच्या त्या भिंतीला दर उन्हाळ्यात चुना मारतात.
ओल धरली की आधी बशी वर येते,
मग कप.
कपाचा कान काही मला अजून दिसलेला नाही.