इतर

गेटवरच्या मोबाईलात चार रकाने होते:
मोलकरीण, ड्रायव्हर, पाहुणे, इतर.
मारिका बॅग धरून उभी, केसांना विमानाचा वास,
आणि सुरवसे विचारतो, मॅडम, हिला कशात टाकू?
म्हटलं, वर्षभर राहील. ओजलला सांभाळेल,
आपल्यात जेवेल, आपली भाषा शिकेल,
वरखर्चाला थोडे पैसे देऊ.
त्याने डोकं खाजवलं.
मग 'इतर' दाबलं.

नेरूळ, सेक्टर अठ्ठेचाळीस, अकरावा मजला.
एस्टोनिया कुठे येतं ते सासूबाईंना
मी पोळपाटावर पिठात काढून दाखवलं:
हा रशिया, हा समुद्र,
आणि कडेला कणकेचा तुकडा चिकटलाय ना, तो.
"यवराच?" त्या म्हणाल्या, आणि पोळी लाटायला घेतली.

ताट वाढलं की ती म्हणायची, आयतॅ.
त्यांच्याकडे आभार मानतात तसे.
सासूबाईंना मात्र तिच्या वतीने राग यायचा:
"आयता कुठला गो? दिसभर पोरीच्या मागं धावतंस!"
गैरसमज फिटायला आठवडा गेला.
मग घरात सगळेच आयतॅ म्हणू लागलो,
निनाद सोडून.
तो कुठल्याच भाषेत आभार मानत नाही.

सागरगोटे कुठे मिळेनात
म्हणून तळ्याकाठून पाच गोल खडे वेचून आणले.
चौथा खडा तिच्या हातून हमखास निसटायचा,
मग ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची.
ओजलने तिची भाषा शिकायला सुरुवात केली ती तिथून.
कोणत्या शब्दांपासून, ते मी विचारलं नाही.

एका रविवारी सुके बोंबील भाजले.
शेजारच्या खिडक्या धडाधड लागल्या
आणि ही आंघोळीचे केस निथळत आतून पळत आली.
"घर," म्हणाली, मराठीत.
तिच्या आजोळी, बेटावर, दोरीवर असेच मासे वाळतात म्हणे.
तांदळाच्या भाकरीवर सासूबाईंनी
तिला दोन बोंबील जास्त वाढले.
निनादने ते मोजले.

फेब्रुवारीत ओजल तापाने फणफणली.
रात्री दोनला तिने हाक मारली:
मारिका.
मी दारातच होते, हातात ओली पट्टी.
मला काही वाटलं नाही असं मी लिहिणार नाही.
पट्टी तिच्या हातात दिली
आणि स्वयंपाकघरात जाऊन
स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

दुसऱ्या दुपारी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल.
ती रात्रभर जागून आता झोपलेली, फोन मी घेतला.
त्यांना इंग्रजी येत नाही, मला त्यांचं काही येत नाही.
नुसत्याच बघत राहिलो एकमेकींकडे.
मग त्यांनी समोरचं बीट उचलून दाखवलं.
मी सुरण.
त्या दचकल्या. बरणीतल्या अळंब्या दाखवल्या.
मी शेवगा दाखवला, मग कोनफळ, मग हरलेच म्हणून हसले.
त्यांनी फोन फिरवला:
खिडकीशी एक खाट, वर घडी घातलेलं पांघरूण,
उशीला अभ्रा नाही.
मी पाय न वाजवता आतल्या खोलीत गेले
आणि त्यांना दाखवलं,
दोघी झोपलेल्या, ओजलचा पाय मारिकाच्या पोटावर.
बराच वेळ तिकडून आवाज आला नाही.
मग, आयतॅ.
मीही तेच म्हटलं. दुसरं काय म्हणायचं असतं?

जाताना तिने ओजलला लोकरीचे हातमोजे दिले,
रात्री जागून विणलेले, मधोमध आठ पाकळ्यांचा तारा.
मे महिन्यात. नेरूळमध्ये.
पोरीने ते घालून दोन दिवस सायकल चालवली,
मग घामोळं आलं.

सुरवसे परवा म्हणाला, ते नाव अजून यादीत आहे, काढू का?
म्हटलं, बघू.

हातमोज्यांनी मी आता कुकर उतरवते.
एका ताऱ्यावर वरणाचा डाग बसलाय, निघत नाही.
तिसरी शिट्टी झाली की ओजल बाहेरून ओरडते,
चौथा खडा हवेत असताना,
"आई, हातमोजे घाल!"