अंगठा

न्यालेंडाच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन
मी तीस दिवस बसलोय.
समोर मशीन. बाजूला पंखा, तो फिरत नाही.
फळ्यावर कुणीतरी सातचा पाढा अर्धाच सोडलेला.
मतदार नोंदणीचा आज शेवटचा दिवस.

सकाळपासून आले :
दोन म्हाताऱ्या, एक मोटरसायकलवाला,
आणि एक जण, संडास कुठंय ते विचारायला.

पाचला दहा कमी असताना अवुओर आली.
तिला सगळं किसुमू ओळखतं,
म्हणजे फोनमधलं किसुमू.
कोरड्या सरकारी नळाखाली बसून
तिनं केस धुतले होते, नुसत्या हवेनं.
डोळ्यांत न गेलेला साबण चोळला,
टॉवेल गुंडाळला,
शेवटी नगरसेवकाचे हात जोडून आभार.
एका रात्रीत अकरा हजार अंगठे वर.
त्यातला एक माझ्या बायकोचा,
चुलीवर उगाली घोटता घोटता उठवलेला.

'किती जण आणलेस?'
तिनं मागं वळून पाहिलं.
दारात तिघं.
त्यातला एक तिचा भाऊ ओमोलो,
तो सतराचा निघाला.

मग मशीननं तिचा अंगठा नाकारला.
पुसला, फुंकला, पुन्हा टेकवला. लाल दिवा.
डुंगाच्या धक्क्यावर ती पहाटेपासून मासे साफ करते,
खवल्यांनी, मिठानं रेषाच खाऊन टाकल्यात.
'ह्याच अंगठ्यानं फोन उघडतो की,
दिवसातून शंभरदा!'
'फोनला तू हवी असतेस,' मी म्हणालो,
आणि लगेच वाटलं,
हा आपला वर्गातला आवाज. नको होता.

माझा बाप अंगठाबहाद्दर.
पण त्याचा ठसा कागदावर उमटायचा तो
ताज्या नांगरटीसारखा,
एक रेघ दुसरीला धक्का देत नसे.
मी शिकलो, सही करू लागलो,
माझी सही मलाच दोनदा सारखी जमत नाही.

उजवी तर्जनी. नाही.
मधलं बोट. ती हसली, मीही हसलो. नाही.
डाव्या हाताची करंगळी,
नथीसारखं काहीतरी नाजूक टेकवावं तशी तिनं ठेवली,
आणि दिवा हिरवा झाला.
पुढं शाई लागायची ती ह्याच बोटाला.

पाच वाजले. मी मशीन पेटीत घातलं,
पट्टा आवळला.
बाहेर पायरीवर बसून
ती फोनमध्ये सांगत होती,
'म्वालिमू अजून पंधरा मिनिटं थांबतायत,
या रे, चपला न घालता या.'
मला तिनं विचारलं नव्हतं.

मी पट्टा सैल केला. सोडला नाही, सैल केला.

फाटकापाशी एक मोटरसायकल मंदावली,
मागं बसलेल्यानं पाटी वाचली,
काहीतरी बोलला.
पुढं गेली.
आता दुसरीचा आवाज येतोय.