दहा बाय साडेआठ

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये
बिल्डरने नकाशात जिला नावच दिलं नव्हतं,
नुसती एक चौकट काढली होती,
ती खोली.
आतापर्यंत तिथे माझं शिलाई मशीन होतं,
गिऱ्हाइकांची गाठोडी, एक गॅसची जादा टाकी,
आणि शर्वरीचा अभ्यास, मिळेल त्या कोपऱ्यात.

आता निहार सहा वर्षांचा झाला, शर्वरी बारा.
आमच्या दोघांच्या मधे तो आडवा झोपतो,
आणि ती हॉलमध्ये, टीव्ही बंद झाल्यावर.
परवा म्हणाली, मला दार हवंय.
खोली नाही म्हणाली, दार म्हणाली.

नवरा अंबडला, सीएनसीवर.
रविवारी टेप लावून बसला, कानाला पेन्सिल.
भिंत काटकोनात नाही, म्हणाला,
बारा एमएम बाहेर गेलीय.
भिकादादा सुतार दारात उभे राहून हसले,
"बारा एमएम म्हंजे चार सूत, साहेब.
चार सूत तर लाकूड गिळून टाकतं."
दोघांचं तासभर चाललं होतं,
मिलिमीटर विरुद्ध सूत,
मी मधे दोनदा चहा ठेवला.

वर एक पलंग, खाली एक.
पायऱ्यांचे खण करायचे, प्रत्येक पायरी एक ड्रॉवर,
सगळ्यात खालचा निहारच्या गाड्यांचा,
कारण वरचं त्याच्या हाताला येत नाही.
छताचा पंखा काढावा लागेल,
वर झोपणाऱ्याचं डोकं त्याच्या पात्यांना लागेल.
दिंडोरीच्या नणंदेने द्राक्षांचे चार क्रेट पाठवले,
ते भिंतीला ठोकून पुस्तकांना.
अजून उन्हात ठेवलेत, तरी वास जात नाही.

"धाकट्याचा पलंग चार फुटांत बसेल,"
भिकादादांनी विचारलं, "कापू का?"
मी म्हटलं, नको, सहा फूट करा.
ब्लाउज शिवतानासुद्धा मी आत माया ठेवते,
हे तर मूल आहे.

खिडकीवरून भांडण झालं.
खिडकीतून पांडवलेणीच्या डोंगराचा एक तुकडा दिसतो,
उरलेला समोरच्या टॉवरने घेतला.
तेवढ्या तुकड्यासाठी दोघं दोन दिवस बोलत नव्हते.
शेवटी शर्वरीने वहीच्या पानावर करार लिहिला,
सम तारखेला निहार, विषम तारखेला ती.
एकतीस तारखेचं काय, ते अजून ठरायचंय.

दार एकच आहे, तिला देऊन टाकता येत नाही.
म्हणून मेन रोडवरून निळं जाड कापड आणलं,
आणि तिच्या पलंगाला पडदा शिवला.
शिवताना मला काय सुचलं कोण जाणे,
खालच्या टोकाला एक खिसा लावला,
दोन्ही बाजूंनी उघडा,
खाली झोपणाऱ्याचा हात पोचेल इतका खाली.

माझं मशीन गॅलरीत गेलं.
हायवेचे ट्रक आणि मी, आता एकाच लयीत.
दुपारी ऊन येतं तेव्हा बॉबिन तापते.
तक्रार नाही, नुसतं सांगतेय.

पलंग बसला.
दार उघडताना त्याला घासतं, अर्ध्या इंचाने.
भिकादादा रंध्याने थोडं सोलून गेले,
नवरा त्यांच्याकडे बघतही नव्हता.

पहिल्या रात्री मी अकरापर्यंत काज-बटणं करत होते.
आतला दिवा गेला.
मग कागदाचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा कागदाचा.
सकाळी चादरी काढताना खिशात चिठ्ठी सापडली.
एका बाजूला, ऱ्हस्वदीर्घ सगळं उलटसुलट,
"ताइ तु झोपलिस का"
आणि खाली, सुवाच्य अक्षरात,
"हो."