परतीचं तिकीट

टोरबोर्गबाईंच्या सदतीस कादंबऱ्या मी टाइप केल्या,
बर्गेनला, मासळीबाजारावरच्या त्या गार खोलीत.
खुनी कोण, हे शेवटच्या पानापर्यंत सांगायच्या नाहीत.
"तुझी बोटं अडखळतील," म्हणायच्या,
"आणि वाचकाला ते ऐकू जाईल."

ईस्टर आला की इकडच्या माणसाला
संत्री लागतात आणि एक खून.
डोंगरातल्या लाकडी घरांत, ओले मोजे शेगडीवर टाकून
लोक बाईंचं विष चवीनं वाचायचे.
प्रकाशकाचा माणूस जानेवारीपासूनच जिन्यात खोकत उभा.

विष, दोर, बर्फातली उलटी पावलं
बाई हेरिंग खारवावेत तशा निवांत रचायच्या.

सोळाव्या पुस्तकाला माझ्या ध्यानात आलं:
प्रत्येक मयताच्या खिशात
बोटीचं परतीचं तिकीट, न वापरलेलं.
विचारलं नाही.
एकोणचाळीस साली नवरा स्टावांगरला गेला होता,
दोन दिवसांसाठी.
छत्री विसरून. ती अजून खुंटीला.

नोव्हेंबरात बाई गेल्या, अडतिसावी अर्ध्यावर टाकून.
प्रकाशक म्हणाले, शेवट तूच कर,
तुझ्या बोटांना सवय आहे.

यंत्रात कागद चढवला.
दिवाणखान्यात पाच संशयित, चहा निवत चाललेला,
सगळे माझ्याकडे बघतायत.
मी आधी त्यांच्या हातची शेवटची पानं काढली,
पेन्सिलीची, पुसट,
आणि मयताचा खिसा शोधला.

तिकीट होतं.
या खेपेला भोक पाडलेलं.

खुंटीकडे न बघता
मी दिवा मालवला.