इमारतीचा कोट

आमच्या इमारतीत एकच कोट आहे.
रुवीच्या मागच्या गल्लीत सोळा बिऱ्हाडं,
आणि हा एक, करडा, गुडघ्यापर्यंतचा.
मूळचा कुणाचा ते आता कुणालाच आठवत नाही.
ज्याचं विमान उन्हाळ्यात थंड मुलखाला जाणार
त्याच्या दारावर तो आधी आठवडाभर येतो.
काल हलीमाबी घेऊन आल्या, हँगरसकट.
"बाकूला मला बाह्या लांब झाल्या. तुला बसतील."

आम्ही यंदा गावाला जात नाही आहोत.
हे वाक्य मी फोनवर तीनदा म्हटलं, तीन जणांना,
दर वेळी आवाज थोडा कमी करून.
तिबिलिसी. मग वर डोंगरात,
जिथे विश्रामच्या फोनवर नऊचा आकडा दिसतो.
इथे सत्तेचाळीस.
गार पाण्याच्या नळाला कढत पाणी,
म्हणून गीझर बंद ठेवून
आम्ही गरम पाण्याच्या नळाखाली गार होतो.
या उलट्या गावात बावीस वर्षं राहून
थंडीत काय घालतात ते मी विसरले.

पलंगावर बॅग आ वासून पडलीय.
दर जुलैत ती भरायची ती दुसऱ्यांच्या मापांनी:
वहीच्या मागच्या पानावर भाच्यांच्या छात्या, कमरा,
जावेचं पाऊल, पेन्सिलीने गिरवलेलं,
आणि माझे कपडे
काचेच्या बरण्या फुटू नयेत म्हणून
त्यांच्याभोवती गुंडाळलेले.
आता ती रिकामी. मी तिच्यासमोर
परक्या घरी पहिल्यांदा जेवायला बसावं तशी.

विश्रामने चोपन्नाव्या वर्षी
आयुष्यातली पहिली हाफ पँट घेतली.
आरशासमोर बराच वेळ उभा राहून म्हणाला,
"हे पाय कुणाचे?"
लेकीचा बंगळुरूहून हुकूम:
"आई, साडी नको हं. लेयर्स घाल."
लेयर्स!
मी काय कोबी आहे?

तरी दुपारी अडीचला एसी सोळावर लावला,
तिनेच पाठवलेली जीन्स चढवली,
वर कोट, गळ्यापर्यंत बटणं,
आणि सोफ्यावर बसले थंडीची वाट बघत.
खिशात हात गेला.
एक अक्रोड. कुठल्याशा किल्ल्याचं अर्धं तिकीट.
खोकल्याची गोळी, कागदाला घट्ट चिकटलेली.
कुणाला खोकला झाला होता, कुठे,
आणि गोळी न खाता बरं वाटलं का?

बेल वाजली.
गॅसवाला शफीकुल, खांद्यावर सिलिंडर,
भुवयांवरून घाम थेट डोळ्यांत.
त्याने मला पाहिलं. कोटात. जुलैत.
मी काहीबाही सांगू लागले, विमान, डोंगर, नऊ.
तो हसला नाही.
सिलिंडर ठेवला, रिकामा उचलला,
एसीखाली दोन श्वास जास्तच थांबला.
मग म्हणाला, "मॅडम, हाथ लगाऊँ?"
शर्टाला बोटं पुसून
त्याने बाही चिमटीत धरली,
माझी आई बाजारात कापडाचा पोत बघायची तशी.
"हमारे उधर पौष में..."
पुढचं वाक्य तो रिकाम्या सिलिंडरबरोबर
जिन्याने खाली घेऊन गेला.
मी त्याला पाणी दिलं होतं, फ्रिजमधलं.
एवढंच.

रात्री बॅग भरली.
कोट, जीन्स, दोन कुडते,
लोकरीचे मोजे नाहीत म्हणून
विश्रामचे ऑफिसचे तीन जोड,
तळाशी एक साडी. लेकीला सांगायचं नाही.
खिसा रिकामा करणार होते.
गोळी टाकली.
तिकीट वाचता येईना, तेही टाकलं.
अक्रोड हातात घेतला आणि परत आत ठेवला.

काट्यावर सतरा किलो. मुभा तेवीसची.
"हलकीच असू दे की," विश्राम म्हणाला.
हो म्हणाले.
आणि बारा वाजून गेल्यावर
स्वयंपाकघरातलं खालचं कपाट उघडून
उकिडवी बसले होते,
साबणाच्या वड्या मोजत,
चौदा, पंधरा,
कुणासाठी ते मात्र आठवत नव्हतं.